राजदूत ३५० चं टायमिंग: घिसला एका बाजूचा पॉइंट, तापलं दुसऱ्या बाजूचं सिलिंडर

राजदूत ३५० चं टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी प्लगची ठिणगी पडते ते, विचारणारे बहुतेक लोक फक्त आकडा मागतात. किती ठेवू, दोन ठेवू का, एक पॉइंट आठ ठेवू का. आकडा काही लपलेला नाहीये, यामाहाच्या आरडी ३५० चा आकडा टीडीसीच्या (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) आधी २ मिलिमीटर, वरखाली ०.१५ ची सूट, आणि पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणारा छोटा स्विच) गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर. पण या इंजिनात सिलिंडर दोन, पॉइंट दोन, कंडेन्सर दोन, कॉइल दोन, म्हणजे टायमिंगही दोन आहेत, आणि ती दोन्ही एकाच प्लेटवर बसलेली असल्यामुळं एकाला हात लावला की दुसरं हलतं. हे लक्षात न घेता आकडा बसवला तर काय होतं याची एक केस इथं सविस्तर लिहितोय, कारण हीच भानगड नागपुरात मी बऱ्याच राजदूतांत पाहिली आहे आणि दर वेळी दोष कार्बोरेटरच्या नाहीतर पेट्रोलच्या माथी जातो.

गाडी नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांची, १९८६ ची, एलटी मॉडेल. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून ही गाडी इथं बनवली, आधी एचटी (हाय टॉर्क) आली साडेतीस हॉर्सपॉवरची, मग मायलेजच्या बोंबा झाल्या म्हणून एलटी (लो टॉर्क) आली, ताकद जरा कमी केलेली. टायमिंग बसवायची रीत दोघींत सारखीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५४ मिलिमीटर, क्रँक १८० अंशाचा, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. काकांनी गाडी नवी घेतली होती तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे, कागदपत्रं चकाचक, टाकीचा रंगसुद्धा ओरिजिनल.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "भाऊ, पंचाहत्तरच्या वर गेली का टिणटिण करून राहिली न, अन् थंडी असताना किक अशी उलटी मारते का पायाची नडगीच फुटते." वर्धा रोडनं बुटीबोरीकडे निघालं की खापरीपर्यंत ठीक, मग आवाज सुरू, पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवल्यासारखा, थ्रॉटल सोडला की गायब. सकाळी कमी, दुपारी जास्त. एप्रिल लागला होता, नागपूरचा एप्रिल म्हणजे दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस सहज, आणि मे मध्ये त्याच्याही वर, तेव्हा एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठी ही तक्रार गंमतीत घेण्यासारखी नव्हती. असा आवाज करत फुल थ्रॉटलवर गाडी हाणत राहिलं तर पुढची पायरी म्हणजे पिस्टन सीझ होणं, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होणं, नाहीतर पिस्टनला भोक.

मला यातली सगळ्यात कामाची माहिती वेगळीच वाटली. मी काकांना विचारलं की आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला काय केलं होतं. तेव्हा कळलं की दिवाळीच्या सुमाराला गाडी सुस्त झाली होती, पिकअप नाही, एक सिलिंडर मेल्यासारखं, सायलेन्सर एका बाजूचा जास्त तापायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली, तिथं पतंगाचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून टायमिंग बसवून दिलं, गाडी एकदम खुलली, काका खूश. टिणटिण त्यानंतरची. हिवाळा होता म्हणून जाणवली नाही, ऊन वाढलं तशी वाढली. मग त्याच आवाजासाठी मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मोठा झाला, प्लग एक नंबर थंड झाला, पेट्रोलमध्ये ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतून झाली, आणि कोणीतरी सांगितलं की हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळं. इथेनॉलनं मिश्रण थोडं लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, हे खरं आहे, जेटिंग बघावं लागतं हेही खरं आहे, पण इथेनॉल दोन्ही सिलिंडरना सारखंच जातं न. एकाच बाजूला त्रास असेल तर कारणही एकाच बाजूचं शोधायला पाहिजे.

आणि त्रास एकाच बाजूला होता हे प्लग काढल्या काढल्या दिसलं. एक प्लग छान बिस्किटी रंगाचा. दुसऱ्याची चिनीमाती पांढरीफटक आणि तिच्यावर भिंग लावून पाहिलं तर बारीक चमकणारे कण. ते कण म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. हे दिसलं की गाडी एक किलोमीटरसुद्धा पुढं चालवायची नाही, घरी न्यायची असेल तर ढकलत न्या, टेम्पोत टाका. काकांना वाटलं मी जरा जास्तच घाबरवून राहिलो, मग हेड उघडून दाखवलं. पिस्टनच्या माथ्यावर कडेकडेनं बारीक टोचे पडलेले, सॅंडब्लास्ट केल्यासारखे, नखाला जेमतेम लागतील इतकेच. बोअर चांगला होता, रिंगा मोकळ्या होत्या. वेळेवर आली होती गाडी.

इथून पुढं लिहायला सोपं जावं म्हणून दोन सिलिंडरना नावं देतो. या पॉइंटच्या रचनेत एका सिलिंडरचं टायमिंग अख्खी मोठी प्लेट फिरवून बसतं, आणि दुसऱ्याचा पॉइंट त्याच मोठ्या प्लेटवर बसवलेल्या छोट्या प्लेटवर असतो, ती वेगळी सरकते. पहिल्याला मोठ्या प्लेटचं सिलिंडर म्हणू, दुसऱ्याला छोट्या प्लेटचं. पांढरा प्लग छोट्या प्लेटच्या सिलिंडरचा होता.

टायमिंगला हात लावायच्या आधी लीनची शक्यता बाद करणं गरजेचं होतं, कारण लीन मिश्रण आणि जास्त अ‍ॅडव्हान्स (ठिणगी फार आधी पडणं) दोघांचीही लक्षणं प्लगवर जवळपास सारखीच दिसतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, आणि हवा ओढणारं सिलिंडर असंच पांढरं होतं. म्हणून आधी लीक टेस्ट. दोन्ही सिलिंडरची इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराच्या बुचांनी बंद, तपासायच्या बाजूचा पिस्टन तळाला म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात, आणि प्लगच्या भोकातून हवा भरायची. यासाठी मी बीपीच्या मशीनचा फुगा आणि मीटर वापरतो, जुनं पाऱ्याचं किंवा घड्याळाचं कोणतंही चालतं, ३०० पर्यंत न्यायचं, म्हणजे साधारण ०.४ बार, आणि पाच-सहा मिनिटं काटा पाहत बसायचं. सायकलच्या पंपानं सपाटून हवा मारू नका, जास्त प्रेशरनं चांगलं सील उगाच बाहेर यायचं. काटा दोन्ही बाजूंनी अगदी हळू उतरला, साबणाच्या पाण्याचा बुडबुडा कुठंच आला नाही. सील ठीक. कार्बोरेटर उघडले, दोन्हीकडं जेट सारखेच, फ्लोटची उंची सारखी, स्लाइड एकाच वेळी उचलतायत. ऑइल पंपाची खूण जुळलेली. म्हणजे मिश्रणात एका बाजूला लीन करणारं काही नव्हतं, उलट जेट गरजेपेक्षा मोठाच होता आणि तरी प्लग पांढरा.

मग डायल गेज, म्हणजे पिस्टन किती खालीवर झाला ते दाखवणारं काट्याचं मापक, लावलं. प्लगच्या भोकात १४ मिलिमीटरचा अ‍ॅडॉप्टर, त्यात गेज सरळ बसवायचं, क्रँक हळूहळू पुढंमागं हलवून काटा जिथं उलटा फिरायला लागतो ती जागा म्हणजे टीडीसी, तिथं शून्य. मग क्रँक उलटा फिरवून चारेक मिलिमीटर खाली न्यायचं आणि इंजिन चालतं त्याच दिशेनं परत वर आणायचं, पॉइंट जिथं उघडतो तिथं थांबून वाचायचं. मागं जाताना वाचलेला आकडा घेऊ नका, गेजच्या काट्याला दिशा बदलली की थोडी ढील असते.

पॉइंट उघडला हे कळायला मी बारा व्होल्टचा छोटा बल्ब वापरतो, एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, एक बॉडीला, इग्निशन चालू. पॉइंट बंद असताना बल्ब बंद, उघडला की पेटतो. मल्टिमीटरच्या बीपवर भरवसा ठेवायचा तर आधी पॉइंटची वायर सोडवा, नाहीतर कॉइलच्या आतून वाट मिळून मीटर कधी कधी पॉइंट उघडा असतानाही वाजत राहतो आणि माणूस गोंधळतो. आणि बल्ब लावून इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट बंद असेल तर तेवढा वेळ कॉइलमधून करंट वाहत राहतो, ती तापते. पतंगाच्या कागदाची रीत वाईट नाही, जुन्या मिस्त्र्यांचा हात इतका बसलेला असतो की ते कागदावर बरोबर आणतात, पण कागद फक्त पॉइंट केव्हा उघडला एवढंच सांगतो, पिस्टन तेव्हा कुठं होता हे सांगत नाही. आणि इथला सगळा घोळ तिथंच होता.

रीडिंग असे आले. मोठ्या प्लेटचं सिलिंडर १.९५. अगदी पुस्तकातलं. छोट्या प्लेटचं २.७. क्रँकच्या अंशांत सांगायचं तर दोन मिलिमीटर म्हणजे जवळपास वीस अंश, २.७ म्हणजे तेवीस अंश. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण या इंजिनात ऑटो अ‍ॅडव्हान्स नाही, जे बसवलं ते किकपासून फुल थ्रॉटलपर्यंत तेच, त्यामुळं तीन अंश जास्त म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जास्त. किकला क्रँक हळू फिरत असताना ठिणगी इतक्या आधी पडली की पिस्टन वर पोचायच्या आत जाळ त्याला खाली ढकलतो, तीच काकांच्या नडगीवर बसणारी उलटी किक. आणि लोडवर, गरम हवेत, प्रेशर लवकर वाढत जाऊन कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप फुटतं, तो टिणटिण आवाज.

इथं थांबून छोट्या प्लेटचा पॉइंट मागं घेतला असता तर आकडा बसला असता आणि आवाजही गेला असता. पण मग एक प्रश्न राहिला असता: हा पॉइंट एवढा पुढं गेला कसा? काकांनी सांगितल्याप्रमाणं गॅरेजवाल्यानं छोट्या प्लेटला हातच लावला नव्हता, स्क्रूवरचा जुना लाल रंग जसाच्या तसा होता. म्हणून गॅप मोजले. छोट्या प्लेटच्या पॉइंटचा गॅप ०.३८, व्यवस्थित. मोठ्या प्लेटच्या पॉइंटचा गॅप ०.१८, म्हणजे अर्धा.

आणि आता सगळं जुळलं. गॅप आणि टायमिंग या वेगळ्या सेटिंग नाहीत. कॅम फिरताना पॉइंटच्या फायबरला (कॅमवर घासणारा ठोकळा) उचलतो, फायबर घिसला की कॅमला तो उशिरा लागतो, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा, म्हणजे टायमिंग रिटार्ड. गॅप वाढवला की उलटं, पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग अ‍ॅडव्हान्स. दिवाळीत गाडी सुस्त झाली होती ती यामुळं, मोठ्या प्लेटच्या पॉइंटचा फायबर घिसून ते सिलिंडर रिटार्ड झालं होतं. रिटार्ड सिलिंडरचा जाळ एक्झॉस्टपर्यंत पोचतो, म्हणून त्या बाजूचा सायलेन्सर जास्त तापत होता. गॅरेजवाल्यानं गॅप न पाहता अख्खी मोठी प्लेट इंजिन फिरतं त्याच्या उलट दिशेनं फिरवली आणि त्या सिलिंडरचं टायमिंग परत दोनच्या जवळ आणलं. त्या सिलिंडरपुरतं काम बरोबर झालं. पण छोटी प्लेट मोठ्या प्लेटवरच बसलेली आहे, तिच्यासोबत दुसरा पॉइंटही तीन अंश पुढं गेला, ज्याला काहीच झालेलं नव्हतं. आजारी होता एक पॉइंट आणि मार खाल्ला दुसऱ्या सिलिंडरनं, तोही असा की ज्या बाजूला दुरुस्ती झाली तिचा प्लग एकदम सुंदर दिसत होता, त्यामुळं पुढं कुणाला तिकडं बघावंसंच वाटलं नाही.

हे नुसतं तर्काचं राहू नये म्हणून प्लेट न हलवता मोठ्या प्लेटच्या जुन्या पॉइंटचा गॅप ०.३५ केला आणि परत गेज वाचलं. आलं २.६५. म्हणजे गॅप बरोबर केल्यावर दोन्ही सिलिंडर जवळपास सारखीच पुढं, याचा अर्थ प्लेट फिरलेली आहे, दुसरं काही नाही. शिवाय प्लेटच्या स्क्रूखाली जुन्या वॉशरचा गोल ठसा होता, आत्ताच्या वॉशरपासून सरकलेला. तो ठसा पाहून काका म्हणाले, "म्हणजे त्यानं बिचाऱ्यानं चांगलंच करायला घेतलं होतं." खरं आहे, म्हणूनच त्या मिस्त्रीबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, एक सिलिंडरच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला हे सहज सुटतं, सिंगलमध्ये प्लेट फिरवून टायमिंग आणलं तर तापायला दुसरं सिलिंडर नसतंच.

फायबर एवढा का घिसला, हाही प्रश्न सोडायचा नव्हता. पॉइंटजवळ फेल्टचा छोटा तुकडा असतो, कॅमला पुसत राहतो, त्यात तेलाचे एक-दोन थेंब सोडायचे असतात. काकांच्या गाडीतला फेल्ट वाळून लाकडासारखा कडक झाला होता आणि कॅमवर तपकिरी गंजासारखी पूड. कोरड्या कॅमवर फायबर फार टिकत नाही. हे दहा पैशाचं काम आहे आणि जवळपास प्रत्येक जुन्या पॉइंटवाल्या गाडीत विसरलेलं सापडतं. तेल जास्तही नको, उडून पॉइंटवर गेलं की पॉइंट काळा पडतो आणि ठिणगी मरते. त्याच पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं होतं, म्हणजे पॉइंटवर ठिणगी खेळू न देणारा कंडेन्सरही संशयात, शिवाय ०.१८ च्या गॅपला पॉइंट उघडताना करंट नीट तुटत नाही, ठिणगी तिथंच खेळत राहते. दोन्ही कंडेन्सर बदलले, ०.२२ मायक्रोफॅरॅडचे, चांगला असलेला जुना एक डब्यात ठेवून दिला.

नव्या पॉइंटची शोधाशोध हा वेगळाच व्याप. ओरिजिनल आता नशिबानं मिळतात, बाजारात मिळतात ते बहुतेक डुप्लिकेट, आणि सगळेच वाईट असतात असं नाही पण फायबरच्या उंचीत फरक असतो. म्हणून दुकानात दोन-चार सेट काढून शेजारी शेजारी ठेवून बघायचे, फायबर सारखा उंच आणि पॉइंटची दोन्ही तोंडं समोरासमोर सपाट टेकणारी अशी जोडी निवडायची. दुकानदार कुरकुर करतो, करू द्या. फायबर जास्तच उंच किंवा ठेंगणा असेल तर गॅप बरोबर ठेवला की टायमिंग प्लेटच्या खाचेत मावतच नाही, प्लेट टोकाला जाऊन अडते, आणि मग माणूस गॅप कमीजास्त करून टायमिंग जुळवायला बघतो, म्हणजे पुन्हा तोच रोग. नवे पॉइंट बसवल्यावर पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद दोन्ही तोंडांमधून ओढून घ्या, नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून थर दिलेला असतो, तो राहिला तर पहिल्याच किकला गाडी रुसते.

आता प्रत्यक्ष सेटिंग, आणि यात क्रम चुकला तर सगळं परत. आधी दोन्ही गॅप. क्रँक फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडेल तिथं थांबायचं, ०.३५ चं फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलकं घासत गेलं पाहिजे, स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा मोजायचं कारण स्क्रू कसताना पॉइंट हमखास सरकतो. एक झाला की दुसरा. दोन्ही गॅप पक्के झाल्याशिवाय टायमिंगकडं बघायचंच नाही. मग मोठ्या प्लेटचं सिलिंडर, त्यातच गेज, क्रँक हव्या त्या आकड्यावर आणून धरायचा आणि अख्खी प्लेट हळूहळू फिरवायची, बल्ब पेटला की थांबायचं, कसायचं. प्लेट इंजिनच्या दिशेनं फिरवली की टायमिंग मागं, उलट फिरवली की पुढं. कसल्यावर क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा वाचायचं. हे पक्कं झालं की मोठ्या प्लेटला पुन्हा हात नाही. मग गेज दुसऱ्या सिलिंडरमध्ये, त्याची टीडीसी नव्यानं शोधायची, पहिल्याच्या शून्यावरून हिशोब मांडू नका, आणि आता फक्त छोटी प्लेट सरकवायची. सगळ्यात शेवटी पहिलं सिलिंडर परत एकदा तपासायचं. हा शेवटचा भाग लोक कंटाळून सोडतात आणि अर्ध्या वेळा फरक तिथंच सापडतो.

आकडा आम्ही दोन्हीकडं १.९ धरला. पुस्तकानं दिलेल्या मर्यादेच्या आतच आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात मी त्या मर्यादेच्या वरच्या अंगाला कधीच जात नाही. थंड प्रदेशात कोणी २.१ ठेवून खूश असेल, ठेवू दे. काही जण खूप खाली, दीडच्या आसपास जातात की पिस्टन वाचेल म्हणून, तेही मला पटत नाही, गाडी खालच्या रेव्हला मरगळते, सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्ट तापतात आणि चालवणारा मग तेवढाच वेग मिळवायला थ्रॉटल जास्त पिळतो. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे दोन सिलिंडरमधला फरक. तो ०.०५ च्या आत असावा असा माझा आग्रह असतो. दोन्ही १.८५ असतील तर गाडी मजेत चालेल, एक १.८५ आणि दुसरं २.१५ असेल तर दोन्ही आकडे पुस्तकात बसतात पण आयडलवर गाडी लंगडते आणि हँडलला झिणझिण्या येतात, मग कार्बोरेटरच्या स्क्रूंशी कितीही खेळा.

क्रँकची एक तपासणी यात धरलीच पाहिजे. पॉइंटचा कॅम थेट क्रँकच्या टोकाला बसतो, म्हणून त्या बाजूचं बेअरिंग ढिलं असेल तर कॅम डोलतो आणि गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलतो. रोटर (क्रँकच्या त्याच टोकावरचं फिरणारं चाक) हातानं वरखाली करून बघायचा, ढील जाणवली तर गॅप कितीही नीट बसवा, चालत्या इंजिनात तो राहत नाही. इथं हाताला काही लागलं नाही. मग इंजिन चालू करून स्ट्रोबच्या (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) उजेडात रोटरवरची आमची बारीक खडूची रेघ पाहिली, एका बाजूची रेघ स्थिर, दुसरीकडं वरच्या रेव्हला किंचित थरथर. फार नाही, पण आहे. क्रँक आज उघडायची गरज नाही, पण ही थरथर वाढते का ते बघत राहायचं असं काकांना सांगून ठेवलं.

मेन जेट परत मूळ नंबरवर आणला, प्लग परत बी८एचएस. गॅरेजनं आवाजासाठी केलेले सगळे उपाय मागं घेतल्याशिवाय टायमिंगचा परिणाम कळणार कसा.

रोड टेस्टसाठी वर्धा रोडवर लगेच पळवली नाही. आधी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ, तिसऱ्या गिअरमध्ये, खालच्या रेव्हपासून थ्रॉटल हळूहळू उघडत. नागपुरात चढ तसे नाहीतच, जो आहे तो हाच, आणि टिणटिण काढायला लोडवरची कमी स्पीड जास्त बोलकी असते, सपाट रस्त्यावर नव्वदला वाऱ्याच्या आवाजात बारीक आवाज हरवतो. हेल्मेटची काच वर, कान इंजिनकडं. काही नाही, साफ. मग दोन दिवसांनी दुपारी तीन वाजता, मुद्दाम त्याच वेळेला, बुटीबोरीपर्यंत. तिथं टोकाला इंजिन पूर्ण थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद केलं आणि बाजूला घेऊन प्लग काढले. असं केलं तरच प्लगवर त्या वेगाचा रंग दिसतो, आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग काहीच सांगत नाही. दोन्ही प्लग एकसारखे, हलका बिस्किटी रंग, कण नाहीत. किक एकदाही उलटी आली नाही. काकांनी त्या दिवशी गाडी स्वतः चालवत परत नेली, मी मागं बसलो.

यावर काही जण म्हणतील पॉइंट काढून टाका न, इलेक्ट्रॉनिक किट टाका, हा व्यापच नको. माझा त्याला विरोध नाही, जो रोज गाडी चालवतो त्यानं टाकावं, फायबर घिसत नाही म्हणून सेटिंग सरकत नाही. पण किट टाकलं तरी पहिल्यांदा ते बसवताना डायल गेज लावावंच लागतं, प्लेटवरच्या छापील खुणेवर जाऊ नये, आणि किट रस्त्यात मेलं तर कोंढाळीच्या धाब्यावर त्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही. पॉइंट असेल तर एक स्क्रूड्रायव्हर आणि कागदाचा तुकडा घेऊन घरी येता येतं. काकांना पॉइंटच पाहिजे होते, त्यामुळं चर्चा तिथंच संपली.

नवा फायबर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये कॅमवर बसतो, हे ज्यांना माहीत नाही ते नंतर म्हणतात सेटिंग टिकत नाही. म्हणून काकांना पाचशे किलोमीटरनं बोलावलं होतं. तेव्हा गॅप दोन्हीकडं ०.३५ वरून ०.३० वर आले होते आणि टायमिंग १.७५ आणि १.७ ला, म्हणजे दोन्ही सारखे मागं सरकले होते, जसे सरकायला पाहिजे तसे. प्लेट न हलवता फक्त दोन्ही गॅप परत ०.३५ केले आणि गेजवर आकडे आले १.९ आणि १.८५. प्लेटच्या दोन्ही स्क्रूंवर लाल रंगाचा ठिपका दिला आहे आणि काकांच्या वहीत लिहून दिलं आहे की पिकअप कमी वाटलं तर आधी फीलर लावायचं, प्लेटला हात नाही. फेल्टवर तेलाचे दोन थेंब दर हजार किलोमीटरला. स्ट्रोबवरची ती थरथर पावसाळा संपल्यावर परत बघायची आहे, वाढली असेल तर क्रँक उघडू.